मुदतपूर्व बाळाच्या डोळ्यांची तपासणी राहून गेली: दाद कुठे मागावी?

घोडबंदरची मावशी:
माझ्या धाकट्या बहिणीचे बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मले. वजन १४०० ग्रॅम. ठाण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या एनआयसीयूमध्ये (नवजात अतिदक्षता विभागात) ते पाच आठवडे होते आणि त्यातले बरेच दिवस त्याला ऑक्सिजन द्यावा लागला. डिस्चार्ज कार्डावर लोहाचे थेंब, व्हिटॅमिन डी, लसींच्या तारखा आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवणे’ एवढेच लिहिले आहे. डोळ्यांविषयी अवाक्षर नाही. पाच महिन्यांचे झाले तरी बाळ खुळखुळ्याकडे पाहत नाही, म्हणून मुंबईला नेत्रतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा आरओपीमुळे (मुदतपूर्व बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांचा आजार; जास्त ऑक्सिजनमुळे त्याचा धोका वाढतो) दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटल्याचे कळले. रुग्णालय म्हणते की घरी सोडताना तोंडी सांगितले होते. मेहुण्यांना पोलिसांत जायचे आहे. मार्ग कोणता, आणि मुदत जन्मापासून मोजायची की कळल्यापासून?

ग्राहक-वकील, ठाणे:
आधी कागद, मग बाकी सगळे. संपूर्ण केसपेपरची मागणी आजच लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पैसे मोजून घेतलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालील सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले असून, मुलाइतकेच आईवडीलही ग्राहक ठरतात, हे १९९८ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. कोणत्या ग्राहक आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर रुग्णालयाला दिलेल्या रकमेवरून ठरते. ती ५० लाखांपर्यंत असेल तर भरपाई कोटीची मागितली तरी तक्रार जिल्हा आयोगातच चालते, आणि बिल ५ लाखांपर्यंतचे असेल तर शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची. इजा लगेच लक्षात येण्यासारखी नसेल तर ती कळल्यापासून मुदत मोजता येते, असे २०१० च्या श्रीखंडे प्रकरणात न्यायालयाने मान्य केले. मात्र त्याच प्रकरणात, नऊ वर्षे त्रास होत असूनही रुग्णाने चौकशी न केल्यामुळे तक्रार मुदतबाह्य ठरली. म्हणून जन्मतारखेपासूनच दोन वर्षे धरून चाला. मूल अज्ञान (अल्पवयीन) आहे म्हणून मुदत थांबेल, या भरवशावर राहू नका.

पोलिसांत जाण्याची घाई नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी कारवाई करायची तर घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि शिक्षा झालीच तरी बाळाच्या संगोपनाला त्यातून रुपया मिळत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जरूर जा. तीही डॉक्टरचा परवाना निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही.

निवृत्त परिचारिका, वाशी:
मी नवजात विभागात काम केले आहे, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. आपल्याकडे २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पाहिले जावेत, असा दंडक आहे. तुमचे बाळ पाच आठवडे तिथेच होते; म्हणजे तिसावा दिवस रुग्णालयातच उजाडला आणि मावळला. ‘सोडताना तोंडी सांगितले’ हे खरे धरले तरी तपासणी त्याआधीच व्हायला हवी होती, आणि ती करून घेणे आईवडिलांच्या हातात नव्हते. टाइप केलेल्या सारांशावर समाधान मानू नका. परिचारिकांच्या हस्ताक्षरातल्या रोजच्या नोंदी आणि ऑक्सिजनचा तक्ता मागा. नेत्रतज्ज्ञाला बोलावणे पाठवले असते तर त्याची नोंद तिथेच सापडली असती.

बालरोगतज्ज्ञ, नेरूळ:
वरील मुद्दा मला पटतो, पण एक बाजू राहिली. इतक्या लहान बाळाला ऑक्सिजन देणे ही चूक नव्हे, त्यावाचून ते जगलेच नसते. आरओपीवर वेळेवर लेझर उपचार करूनही काही डोळे वाचत नाहीत, त्यामुळे समोरचा वकील नेमके तेच म्हणणार. ‘योग्य वेळी तपासले असते तर दृष्टी वाचण्याची शक्यता किती होती’ हे ज्यांनी निदान केले त्यांच्याकडूनच लेखी घ्या. लहान रुग्णालयांत नेत्रतज्ज्ञ नसतो, ही सबब मात्र चालायची नाही. बाळाला बाहेर पाठवता येते.

घोडबंदरची मावशी:
सर्वांचे आभार. अर्ज दिला, पण ‘जुने केसपेपर शोधावे लागतील’ असे सांगून पोच द्यायला नकार दिला.

ग्राहक-वकील, ठाणे:
तोच अर्ज पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवा. तीन वर्षे नोंदी जपणे बंधनकारक असल्याने त्या न मिळणे हाच तक्रारीतला एक मुद्दा होईल. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये जन्मलेल्या १२५० ग्रॅमच्या बाळाच्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, झालेला खर्च धरून, सुमारे १ कोटी ८० लाख रुपये मंजूर केले, आणि पुढच्या उपचारांचा खर्च काढताना महागाईही हिशेबात घेतली. म्हणून औषधांच्या बिलांबरोबरच मुंबईला नेण्या-आणण्याच्या खर्चाच्या पावत्याही तारीखवार लावून ठेवा.