सुन त्झू लढाईआधी पैशाचा हिशेब मांडतो

धंद्यासाठी सुन त्झू या प्राचीन चिनी युद्धतज्ज्ञाच्या 'आर्ट ऑफ वॉर' (युद्धकला) या ग्रंथाचं सार अनेकदा 'शत्रूला ओळखा' एवढंच सांगितलं जातं. ते वाक्य अर्धं आहे. मूळात 'शत्रूला आणि स्वतःला' असं आहे, आणि धंदे बहुतेक वेळा दुसऱ्या अर्ध्यात बुडतात. ग्रंथाच्या तेरा प्रकरणांपैकी दुसरं प्रकरण जवळपास सगळं खर्चावर आहे: एक लाखाचं सैन्य, रोजचा खर्च हजार सुवर्णमुद्रा, आणि लांबलेल्या युद्धातून कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही. शत्रूच्या मुलखात मिळवलेलं एक माप धान्य घरून नेलेल्या वीस मापांच्या तोडीचं, असंही तो म्हणतो, कारण वाहतूकच राज्याला कंगाल करते.

हे दुकानाला किंवा कारखान्याला लावायचं तर नव्या गावात शिरण्याआधी पैसा किती दिवस अडकणार ते काढा. समजा रोज 40 हजारांचा माल जातो, पुरवठादाराला 30 दिवसांत द्यायचे आणि गिऱ्हाईक 90 दिवसांनी देतं. मधल्या 60 दिवसांचे 24 लाख तुमच्या खिशातून जातात, पडून असलेला साठा वेगळाच. विक्री दुप्पट झाली की हा आकडाही दुप्पट होतो. भरभराटीत रोकड संपते ती अशी. त्यात भाव पाडून स्पर्धा सुरू केली तर नफ्यातून भर घालायची सोयही जाते.

शेवटचं प्रकरण हेरांवर आहे, तेही जरूर वाचा. रोज हजार मुद्रा उधळून माहितीसाठी शंभर द्यायला कचरणाऱ्या सेनापतीला तो सरळ अमानुष म्हणतो. उधारी देण्याआधी गिऱ्हाइकाची बाजारातली पत तपासणं हाच तो शंभराचा खर्च.