आजीचे लुगडे कॅनव्हासवर कसे आणावे?

प्रश्न: आजीच्या जीर्ण इरकली लुगड्याचे तुकडे, तिची ओव्यांची वही, हळद-कुंकू आणि ॲक्रिलिक रंग यांतून घरातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांवर चित्रमालिका करीत आहे. कापड निव्वळ सजावट वाटू नये, यासाठी काय करावे?

उत्तर १: ताई, कापड गोंदाने डकवण्याऐवजी टाचा. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र येतात. तो टाका उघड दिसू दिलात, तर शिवणाऱ्या हाताचे श्रम हाच चित्राचा विषय होतो. अमेरिकेतील चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांनी १९८० मध्ये शिवणकाम करणाऱ्या आपल्या आईसोबत ‘एकोज ऑफ हार्लेम’ ही चित्रगोधडी केली, ती अवश्य पाहावी.

उत्तर २: हळद उजेडात लवकर उडते, हे ध्यानात ठेवा. वही मात्र कृपया कापू नका, छायाप्रत वापरा.

उत्तर ३: वारली लग्नात पालघट देवीचा चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी लग्नचित्र, तांदळाच्या पिठाने सुवासिनी रेखतात; पण १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली, तेव्हा नाव झाले ते मुख्यतः पुरुष चित्रकारांचे. म्हणून माझा आग्रह आहे, की चित्राखाली आपल्या सहीशेजारी आजींचेही नाव लिहावे.