मदत हवी आहे : २०११ ची वॅगनआर घ्यावी का? उद्या सकाळी बघायला जातोय

खिडकीकडची_सीट
नमस्कार मंडळी. उद्या एक जुनी वॅगनआर बघायला जातोय. मालक १ लाख ६५ म्हणतोय, दीडपर्यंत येईल. घरगुती वापर, एकहाती गाडी. घ्यावी का? दुसरं गिऱ्हाईकही आहे म्हणे, तेव्हा जरा लवकर सांगा. नवीन घ्या म्हणू नका, बजेट नाही.

चावी_पान्हा
पेशंट न दाखवता औषध मागताय राव. किती चाललीय? पेट्रोल की गॅस? पासिंग कुठलं? विमा चालू आहे का? आणि ते दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक जुन्या गाडीला असतंच, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

खिडकीकडची_सीट
पेट्रोल. ६२ हजार किमी. एमएच १०. विम्याचं विचारतो.

हप्तेवाला
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जुन्यात दीड लाख घालण्यापेक्षा तेच डाऊन पेमेंट करा आणि नवीन उचला. मी तेच केलं.

खिडकीकडची_सीट
वर काय लिहिलंय?

राजधानीतून_परत
१५ वर्षं भरत आली म्हणजे गाडी भंगारात. नियमच आहे तसा.

चावी_पान्हा
तो नियम दिल्ली-एनसीआरचा, डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवून पासिंग, म्हणजे नोंदणी, आणखी पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं. कारची नूतनीकरणाची फी ५ हजार, पर्यावरण कर वेगळा. त्यात टायर, दिवे, थोडंफार डेंटिंग धरलं तर २०-२५ हजार बाजूला ठेवा. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) मुदत कधीपर्यंत आहे तेवढं बघा.

कृष्णाकाठ
एमएच १० म्हणजे सांगली. पहिला प्रश्न, गाडी २०१९ च्या ऑगस्टात, महापुरात कुठे उभी होती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीतल्या चार गाड्या टपापर्यंत बुडाल्या. धुऊन, पॉलिश मारून पुढे कुठे गेल्या देव जाणे. २०२१ च्या जुलैतही पाणी होतंच.
पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. बुडालेल्या गाडीत आतल्या वीतभर पट्टीवर गढूळ रेघ राहते, ती धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. स्टेपनीखालचा खड्डाही बघा.

चावी_पान्हा
+१. आणि मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उचलतं ते बघायचंय. चालू असताना ऑइलचं झाकण काढा, भकाभक धूर आला तर नमस्कार करून निघा. ६२ हजारांत क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. झालं असेल तर मीटर खोटं बोलतंय. बाकी या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही.

गॅसभक्त
पेट्रोलवर परवडणार नाही. घेतल्या घेतल्या सीएनजी बसवा.

चावी_पान्हा
१५ वर्षांच्या गाडीला? किटचा खर्च, आरसीवर नोंद, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी. यांची गाडी महिन्याला ३०० किमी चालणार असेल तर किटचे पैसे कधी वसूल होणार?

गॅसभक्त
३०० कुठून आणलं? त्यांनी लिहिलंय का तसं?

कृष्णाकाठ
मुद्दा बरोबर आहे. धागाकर्ते, गाडी हवीय कशाला?

खिडकीकडची_सीट
आईचे गुडघे. कराडहून दर पंधरवड्याला मिरजेला डॉक्टरकडे न्यावं लागतं. एसटीची पायरी तिला आता चढवत नाही. वॅगनआरची सीट उंच असते म्हणून तीच बघतोय.

अत्तर_गुलाब
एसीला वास येत असेल तर डांबराच्या गोळ्या ठेवू नका, डोकं दुखतं. कॉफीच्या बिया ठेवाव्यात.

खिडकीकडची_सीट
जाऊन आलो. निघताना फोन केला होता, पोचलो तर गाडी अंगणात आधीच चालू! बॉनेटला हात लावला तर चांगलं तापलेलं. बाकी पट्टे स्वच्छ, दोन्ही बाजूंचे शेवटपर्यंत ओढले. स्टेपनीखाली गंज नाही. घर सांगलीत विश्रामबागला, पुराचं पाणी आलं नव्हतं म्हणाले. ऑइलच्या झाकणातून धूर नाही. टायरवर ३४१६ असा आकडा आहे, म्हणजे काय?

चावी_पान्हा
२०१६ सालचा ३४ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसो, रबर म्हातारं झालंय. चारही धरा. थंड इंजिन बघायला परत जावं लागणार. आरसी पाहिलीत?

खिडकीकडची_सीट
हो. मुदत येत्या नोव्हेंबरपर्यंत. नाव मालकाच्या वडिलांचं आहे, ते दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा म्हणतो २९ आणि ३० नंबरच्या (गाडी विकून नावावर करायच्या) फॉर्मवर सह्या करून देतो, एजंट बघून घेईल. मी ५ हजार टोकन दिलंय.

कृष्णाकाठ
हे आत्ता सांगताय!

चावी_पान्हा
अहो, इंजिनापेक्षा हे मोठं आहे. वारलेल्या माणसाच्या जागी मुलगा विक्रीची सही कशी करणार? आधी ३१ नंबरच्या फॉर्मवर गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. मृत्यू दाखला, बाकीच्या वारसांची लेखी संमती. मग त्याने तुम्हाला २९-३० वर विकायची. आणि गाडी आधीच्या नावावर असताना कुणाला धडकली तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल.

राजधानीतून_परत
माझ्या मेव्हण्याने अशीच घेतली, काही झालं नाही.

कृष्णाकाठ
अजून झालं नाही म्हणा.

खिडकीकडची_सीट
फोन केला. एक बहीण आहे, नागपूरला. भावाबहिणीचं फारसं बोलणं नाही असं दिसतंय. "तिच्या सहीची काय गरज, गाडी माझ्याकडेच होती" म्हणतो. टोकन परत मागितलं तर गप्प झाला.

चावी_पान्हा
५ हजारांवर थांबलंय ते नशीब. त्याच्या नावावर आरसी झाली की बघू म्हणा, तोवर एक पैसा नाही. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तोंडी नको.

हप्तेवाला
म्हणून म्हणत होतो नवीन घ्या.

खिडकीकडची_सीट
पाठवलं. निळी खूण आली, उत्तर नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, दार किती उघडतं, पाय आधी आत टाकायचा की आधी बसायचं. ते बघायचंच राहिलं.

कृष्णाकाठ
पुढची गाडी बघायला जाल तेव्हा त्यांनाच घेऊन जा. विट्याला एकाकडे २०१४ ची आहे, नाव-गाव सगळं सरळ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.