शिक्षण परिषदेत वाचन-आकलनाचं सत्र कसं घ्यावं?

प्रश्न: केंद्राच्या (जवळच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत दीड तास मिळतो, शिक्षक तीसेक. पाचवी-सहावीची मुलं धडा घडाघडा वाचतात, अर्थ विचारला की गप्प. शिक्षकांकडून नेमकं काय करून घ्यावं?

उत्तर १: भाषण नको, सराव द्या. पालिन्सार आणि ब्राउन या संशोधकांची १९८४ ची वाचनाची पद्धत घ्या, तिच्या चार कृती: अंदाज, प्रश्न, शंकानिरसन, सारांश. चौघांचा गट, प्रत्येकाकडे एका कृतीची भूमिका, सर्वांना नवा असा १५० शब्दांचा उतारा, दर परिच्छेदाला भूमिका बदलायच्या. त्याआधी १५ मिनिटं तुम्ही मोठ्याने विचार करत वाचून दाखवा: ‘इथे “तो” म्हणजे कोण? मागची ओळ बघू.’ हे गाळलंत तर शिक्षक वर्गात नुसती कृतींची नावं सांगतील, कृती होणार नाही.

उत्तर २: या चार कृतींत सगळ्यात जास्त गाडी अडते ती प्रश्न तयार करण्यावर. ‘राजाचं नाव काय?’ यापुढे मुलं जात नाहीत, कारण स्वाध्यायात बहुधा तेच पाहिलेलं असतं. शिक्षकांकडून तिथेच ‘का’ आणि ‘कशावरून’चे प्रश्न लिहून घ्या. एका ओळीवर बोट ठेवून उत्तर मिळालं, तर प्रश्न बदलायला लावा.

उत्तर ३: मुलांनी पुढे हे स्वतःच करावं असं हवं तर वर्गात आधार हळूहळू काढत चला. आधी भूमिकांची कार्डं, मग फळ्यावर चार कृतींचे फक्त चार शब्द, मग तेही पुसा. ज्यांची जोडाक्षरं अडतात त्यांना उतारा आधी वाचून दाखवा, नाहीतर सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यातच जाते.