मदत हवी आहे : पाईपवाला माणूस, दोर आणि खडी फोडणारी बाई. या व्यंगचित्रात गंमत काय?

गणपतीपेठ
वाचनालयात जुन्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन आहे, परवा उद्घाटन. प्रत्येक चित्राखाली दोन ओळींची चिठ्ठी लावायचीय. एका चित्रावर घोडं अडलंय. ऐटबाज माणूस पाईप ओढत उभा, हातात दोराचं भेंडोळं. समोर बाई खडी फोडतेय, शेजारी पोतं. यात हसायचं कुठं? फोटो चढत नाहीये. जरा लवकर सांगा.

आमराई
कुठल्या पेपरातलं? साल? आणि चित्राखाली ओळ असेलच की, ती कोण सांगणार?

गणपतीपेठ
पेपरचं नाव कापलं गेलंय, सही दिसत नाही. ओळ अशी : "दोर कशाला आणलाय सायेब? हिरीत पानी कुठाय?"

नाना_मिरजकर
आणीबाणी! डोळे झाकून सांगतो. दोर म्हणजे पेपरवाल्यांच्या गळ्याचा फास. त्याच काळात अबू अब्राहम यांनी राष्ट्रपती बाथटबमध्ये बसून वटहुकमावर सही करताना दाखवले होते. काय हिंमत! आता आहे का कुणाची?

आमराई
नाना, तुम्हाला गणपतीच्या देखाव्यातही आणीबाणी दिसते. खडी फोडणाऱ्या बाईचा काय संबंध?

शिराळ्याचा_नाग
मार्मिकमधलं असणार. बाळासाहेबांची रेषा लांबूनही ओळखू येते.

आमराई
चित्र न बघताच रेषा ओळखली? आणि मार्मिक साप्ताहिक, हे कात्रण पेपरातलं आहे.

जतकर
कात्रण उलटं करा. मागं काय छापलंय?

गणपतीपेठ
अर्धी साबणाची जाहिरात आणि सोन्याचा भाव. दहा ग्रॅमला २४० रुपये. त्याचं काय?

तासगावचा_बेदाणा
२४०!!! आणि आमच्या आजोबांनी त्या पैशात बैल घेतला. वर्षभरात बैल मेला.

शिराळ्याचा_नाग
तेव्हा पगार तरी किती होते भाऊ. २४० म्हणजे कारकुनाचा महिना.

जतकर
सोनं राहू द्या. भावावरून हे १९७२-७३ च्या दुष्काळातलं दिसतंय. खडी फोडणं म्हणजे तेव्हाचं सरकारी दुष्काळी काम. पाईपवाले म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक. पाईप काढला की नाव लिहायची गरज नसायची. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यावर ते बोलून गेले होते की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. चित्रातला दोर तोच. साहेब शब्द पाळायला स्वतःचा दोर घेऊन आलेत आणि बाईला वाटतंय पाणी शेंदायला आणलाय. तिला भाषणबिषण काही ठाऊक नाही. विहीर कोरडी, तिला दोराचा उपयोग काय? चिमटा तिथं आहे. पोत्यावर काही काढलंय का, भिंगाने बघा.

गणपतीपेठ
दोन हात आहेत, हस्तांदोलन केल्यासारखे.

शिराळ्याचा_नाग
हात म्हणजे काँग्रेस. झालं, सुटलं कोडं.

जतकर
काँग्रेसला हात मिळाला १९७८ नंतर. ७२ साली चिन्ह गाय-वासरू, त्याआधी बैलजोडी. हे हस्तांदोलन अमेरिकेच्या मदतीचं. तिकडून येणाऱ्या धान्याच्या पोत्यांवर, तेलाच्या डब्यांवर ते छापलेलं असायचं. स्वयंपूर्ण व्हायचं होतं आणि शेजारी पोतं अमेरिकेचं, हा दुसरा चिमटा. रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, आम्ही खाल्लाय. भाकरी थापताना कडेनं चिरायची आणि आई पाण्याचा हात लावून जोडत बसायची. तीही खडीवर जायची. संध्याकाळी मुकादम फूटपट्टीनं ढीग मोजायचा, मगच हजेरी.

नाना_मिरजकर
मी तरी आणीबाणीच म्हणेन.

आमराई
नाना, आणीबाणी जून १९७५ ची. नाईक त्याआधी फेब्रुवारीतच पायउतार झाले होते.

कात्रणवेडा
एक महत्त्वाचं. कात्रण लॅमिनेट करू नका! चिकटपट्टीही नको, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, उजेडात आणखी पिवळा पडतो. स्कॅन करून प्रिंट लावा, मूळ कात्रण वहीत ठेवा.

गणपतीपेठ
कागदाचं कुणी विचारलंय?

तासगावचा_बेदाणा
पण नाईकांवर हा अन्याय आहे. हायब्रीड ज्वारी त्यांच्या काळात गावोगाव पोचली. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच कारकिर्दीतली. पाऊसच पडला नाही तर मुख्यमंत्र्यानं काय करायचं? आणि रोजगार हमी आधी आमच्या तासगाव तालुक्यात करून बघितली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी. तेही लिहा.

आमराई
पागे थोरच, पण ते चित्रात नाहीत. आणि अन्याय कसला? फाशीची भाषा साहेबांनीच केली होती. मुदत ६७ लाच संपली, पेपरवाल्यानं फक्त आठवण करून दिली.

गणपतीपेठ
असं लिहिलंय : "१९७२ चा दुष्काळ. मुख्यमंत्री नाईक दोर घेऊन आले आहेत, पण विहिरीला पाणी नाही." बरोबर?

जतकर
नाही हो, यात फाशी कुठाय? शनिवारवाड्यावरचं बोलणं घातल्याशिवाय आजच्या पोरांना दोर कळायचा नाही. त्यांना वाटेल मुख्यमंत्री पाणी शेंदायला आले होते.

गणपतीपेठ
दोनच ओळींची जागा आहे काका.

जतकर
मग विहीर काढा. ती चित्रातल्या ओळीत आहेच. फाशी ठेवा.