विषय: घोडबंदरच्या काकू – अल्ब्युमिनच्या तीन बाटल्या, गुरुवारच्या आत

प्रेषक: सुहास

मंडळी, काकूंच्या पोटात साचलेलं पाणी गुरुवारी परत काढायचंय. मागे सहा लिटर निघालं, बारा दिवसांत पोट पुन्हा टम्म. या वेळी नर्सिंग होमने वीस टक्के अल्ब्युमिनच्या (शिरेतून द्यायचं रक्तातलं प्रोटीन) १०० मिलीच्या तीन बाटल्या आधीच आणायला सांगितल्यात. माजिवड्यापर्यंत चार दुकानं फिरून एक मिळाली. गुरुवार पुढे ढकलू का? ठाणेकरांनी लगेच कळवा.

प्रेषक: मंजूताई

बाटल्यांपायी गुरुवार ढकलू नकोस, आधी तिथल्या डॉक्टरांशी बोल. तीन हा आकडा कुठून आला ते सांगते. सिरॉसिसमध्ये (यकृत कडक होण्याचा आजार) पाच लिटरच्या वर पाणी काढलं की लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. सहा लिटरचे जास्तीत जास्त ४८ ग्रॅम, बाटलीत असतात २०. अडीचच्या झाल्या तीन. पण हा हिशोब यकृताच्या पेशंटचा. काकूंचं पाणी पोटाच्या अस्तरावरच्या कॅन्सरच्या गाठींमुळे साचतंय. तिथे पाच लिटरपर्यंत काढताना अल्ब्युमिन सरसकट लागत नाही. बीपी आधीच खाली असेल, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) चढलेलं असेल, तर गोष्ट वेगळी.

मागच्या रिपोर्टमध्ये पाण्याचं अल्ब्युमिन आहे का? त्याच दिवशीच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमधून ते वजा कर. फरक १.१ (ग्रॅम/डेसिलिटर) किंवा जास्त आला तर यकृताकडच्या दाबाचं पाणी, कमी आला तर बहुतेक अस्तराचं.

प्रेषक: नाना

आरोग्याच्या मेलला विषयात "आरोग्य कट्टा" लिहायचं ठरलं होतं, गणपतीच्या वर्गणीखाली हे सापडत नाही. असो. अल्ब्युमिन कशाला टाळता? अंगात ताकद येते. आणि मीठ बंद करा, लघवीची गोळी सुरू करा.

प्रेषक: मंजूताई

नाना, शिरेतून दिलेलं अल्ब्युमिन ताकदीचं औषध नव्हे. ते रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवायला देतात, जेवणाची जागा ते घेत नाही.

प्रेषक: अनघा (डॉ.)

नानांच्या मिठाबद्दल. फरक १.१च्या वर असेल, यकृतात गाठी पसरून दाब वाढला असेल, तर स्पायरोनोलॅक्टोनचा (लघवीची गोळी) उपयोग होऊ शकतो. अस्तराच्या पाण्यात गोळी सहसा चालत नाही. पोट तसंच राहतं, सोडियम उतरतं आणि किडनीवर ताण येतो. मीठ तोडून तर जेवणच तुटतं. पोट दाबल्यामुळे काकूंना दोन घासांत भरल्यासारखं होत असणार. दर दोन तासांनी वाटीभर द्या, आवडीचं, मिठासकट.

सुहास, गुरुवारी या तीन गोष्टी नक्की विचार: सोनोग्राफीत पाणी मोकळं आहे की कप्प्याकप्प्यांत अडकलंय, रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर त्या सकाळचा डोस द्यायचा की नाही, आणि पाण्याचा सेल काउंट (पेशींची मोजणी) पाठवणार का. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घनमिलिमीटरला २५० किंवा जास्त आले तर इन्फेक्शन धरून उपचार करतात.

प्रेषक: सुहास

रिपोर्ट मिळाला. रक्तात २.९, पाण्यात २.३. फरक ०.६. मागच्या वेळी सुईच्या जागेतून दोन दिवस पाणी गळत होतं, गाऊन भिजत होते. त्याचं काय?

प्रेषक: मंजूताई

गॉजवर गॉज चिकटवत बसू नका, कातडी सोलवटते. स्टोमाची पिशवी (पोटाला चिकटवायची, पाणी गोळा करणारी) लावायची: भोक सुईच्या खुणेपेक्षा जेमतेम मोठं कापायचं, भोवतीची कातडी पूर्ण कोरडी करायची, आणि पिशवी चिकटवल्यावर मिनिटभर तळहाताने दाबून धरायची, उबेने गोंद बसतो. किती मिली गळलं तेही कळतं. काकूंना दुसऱ्या कुशीवर झोपवा. आत घालतानाच सुई तिरकी नेली, कातडी थोडी खाली ओढून टोचली, तर आतलं-बाहेरचं भोक समोरासमोर येत नाही आणि गळती कमी होते. हे आधी सांगून ठेव.

प्रेषक: प्रसाद, वाशी

बारा दिवसांत भरतंय म्हणजे दर वेळी टोचण्यापेक्षा कातडीखालून नेलेल्या कायमच्या नळीचा विचार करायला हवा. प्लूरएक्स वगैरे कंपन्यांची. कातडीखाली कापडी कफ असतो, त्यात ऊती रुजतात, नळी निसटत नाही. घरीच व्हॅक्युम बाटली लावायची, एका वेळी दोन लिटरच्या वर नाही.

लोक चुकतात ते नळीच्या बाहेरच्या टोकाच्या वॉल्वमध्ये. तो फक्त त्याच कंपनीच्या टोकाने उघडतो. बाटल्या संपल्या म्हणून सिरिंज किंवा साधी नळी खुपसली की वॉल्व बिघडतो आणि गळत राहतो. म्हणून नळी बसवण्याआधी बाटल्या कोण, किती दिवसांत पुरवणार ते पक्कं करा. परदेशातून सामानात दहा-बारा आणणाऱ्यांच्या भरवशावर राहू नका.

प्रेषक: नाना

नोव्हेंबरमध्ये आम्ही सहाजण येतोय, आणू की!

प्रेषक: प्रसाद, वाशी

नाना, नोव्हेंबरपर्यंत काय करायचं? शिवाय नळी कुठल्या कंपनीची बसली ते कळल्याशिवाय काहीही आणू नका.

प्रेषक: अनघा (डॉ.)

प्रसादशी सहमत, फक्त दोन गोष्टी: पाणी कप्प्यांत असेल किंवा त्यात इन्फेक्शन असेल तर कायमची नळी नको. आणि गुरुवारी तात्पुरती पिगटेल (आतल्या टोकाला वळसा असलेली नळी) घातली तर काढताना आतला दोरा सोडवूनच काढतात, वळसा सरळ व्हावा लागतो. घरी कुणी ओढू नये.

प्रेषक: सुहास

नर्सिंग होमशी बोललो. गुरुवार कायम, साडेचार लिटरवर थांबणार, दर अर्ध्या तासाने बीपी बघणार. बीपी उतरला तरच अल्ब्युमिन, त्यासाठी एक बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवलीय, फ्रीझरमध्ये नाही. नळीसाठी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटाचं कॅन्सर केंद्र) विचारायचा विचार आहे. ठाण्याहून रिपोर्टची फाईल पनवेल लोकलने घेऊन जाणारं कुणी आहे का? शुक्रवारी सकाळी.

प्रेषक: प्रसाद, वाशी

ठाणे स्टेशनला दे, नेतो. सीटी स्कॅनची सीडीही दे, नुसता कागद नको.