अनुभव धागा: फ्रान्सच्या खेड्यांतून लांब पल्ल्याचं सायकलिंग

घाटवाट: परवा टीव्हीवर टूर द फ्रान्स चालू होतं. हेलिकॉप्टरमधून सूर्यफुलांची शेतं दाखवली आणि २०१९ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी) ही सायकल राइड डोक्यात सुरू झाली. १२०० किमी, मुदत ९० तास. त्यातला लूदेआक ते ब्रेस्ट हा दिवस काही विसरत नाही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या या ब्रिटनी भागात मोठा घाट नाही, पण सपाट रस्ताही नाही. चढ, उतार, लगेच चढ, त्यात वारा समोरून. दर गावात घरापुढे टेबल मांडून लोक बसलेले, 'बों कुराज' ओरडणारे, पोरं टाळीसाठी हात पुढे करून उभी. एके ठिकाणी क्रेपचे (पातळ धिरड्याचे) पैसे घेईनात. घरी पोचलात की पोस्टकार्ड पाठवा म्हणे! शनिवारवाड्याचं पाठवलं. तुम्हीही लिहा.

उतारप्रेमी: आणि थंडी?? ऑगस्ट म्हणून निवांत होतो. पहाटे शेतांमधून जाताना दात वाजत होते. एका गावात एटीएमच्या खोलीत चंदेरी ब्लँकेट गुंडाळून चारपाच जण ओळीने झोपलेले, थेट वर्ख लावलेल्या काजूकतल्या 😂

मीनल_ताई: आम्ही पीबीपीवाले नाही हो. मी आणि हे, ल्वार नदीकाठच्या सायकलवाटेने रमतगमत. शाँबोरचा राजवाडा वगैरे फोटोत आहेच. पण दुपारी १२ ते २ खेड्यात चिटपाखरू नाही, दुकानं बंद. पाणी संपलेलं. एका आजोबांना बाटली दाखवली तर त्यांनी सरळ स्मशानाकडे बोट केलं! तिथे फुलझाडांसाठी नळ असतो म्हणे. गार पाणी होतं. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.

घाटवाट: @मीनलताई, हे सासूबाईंना सांगितलंत का?

मीनल_ताई: वेडे आहात का, आंघोळ केल्याशिवाय घरात घेतलं नसतं 🙏

खादाड_पंप: शाकाहारी लोक काय खातात तिकडे?

उतारप्रेमी: बगेत (लांबडा पाव), चीज, केळी, परत बगेत. मी गूळपोळ्या नेल्या होत्या, तिसऱ्या दिवशीही छान. पॅरिस-ब्रेस्ट नावाची चाकाच्या आकाराची पेस्ट्री मिळते, १९१० साली याच शर्यतीवरून केलेली. पण अंडं असतं.

खादाड_पंप: अंडं चालतं 😋 गूळपोळीचं प्रमाण टाका ना कोणीतरी

निळी_बीटविन: मी पीबीपी ब्रेस्टच्या अलीकडे, कारे गावात सोडली. गुडघा. कंट्रोलवरच्या (कार्डावर शिक्का मारतात त्या ठिकाणच्या) काकूंनी खुर्ची दिली, सूप दिलं, काही विचारलं नाही. कार्डावरचे पुढचे चौकोन कोरेच.

घाटवाट: अरे, त्या वाऱ्यात तिथवर पोचलास हेच खूप. २०२७ ला येतोयस ना?

निळी_बीटविन: पात्र व्हायला आधी २००, ३००, ४००, ६०० किमीच्या राइड त्याच वर्षी काढायच्या. बायकोला फक्त २०० चं सांगितलंय.

मीनल_ताई: गूळपोळी: एक वाटी गुळाला पाव वाटी बेसन, तेलावर खमंग भाजून. तीळ-खसखस भाजून कुटून. बाकी संध्याकाळी लिहिते, कुकर लावलाय.

उतारप्रेमी: जायफळ राहिलं ताई